विचारणा अनुज्ञेय नाही

गोगलगायी पाळणाऱ्यांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपचे नियम मी लिहिले, आणि ते मी कचेरीच्या मराठीत लिहिले. दोन्ही गोष्टींचा मला त्या काळी फार अभिमान होता. आता तो अभिमान उरलेला नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी यवतमाळात एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. लग्न केलं नव्हतं. घरी आई आणि मी. एका पावसाळ्यात तुळशीमागच्या कुंडीत गोगलगाय सापडली. तिच्यापुढे काकडीची चकती ठेवली तर ती इतकी मन लावून खात बसली की मी बघतच राहिले आणि नोकरीत पहिल्यांदा उशिरा पोचले. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. दिवसभर कचेरीच्या खिडकीत लोकांशी वाद घालून घरी आल्यावर आपल्याला काहीही न विचारणारा जीव घरात असणं काय सुख असतं, हे ज्याला माहीत आहे तो मला हसणार नाही. बाकीचे हसले तरी माझी हरकत नाही.

मग फोनवर तो ग्रुप सापडला. राज्यभरातली माझ्यासारखी तऱ्हेवाईक माणसं तिथे शंखांचे फोटो टाकत आणि कोणाच्या गोगलगायीनं भोपळा खाल्ला, कोणाची तोंड फिरवून बसली यावर तासन्‌तास बोलत. पुण्याकडच्या एका सदस्यानं मला एक जोडी पाठवली. शंख नेहमीसारखा तपकिरी, पण अंग पांढरंशुभ्र. अशा फक्त पाळणाऱ्यांकडेच असतात, बाहेर सापडत नाहीत, असं त्यानं सांगितलं होतं. आख्ख्या जिल्ह्यात हा माल माझ्याच घरी, या कल्पनेनं मी आठवडाभर हवेत होते. माझी थोरली बहीण, ताई, माहेरी आली तेव्हा तिलाही कौतुकानं दाखवल्या. ती म्हणाली, बाप्पा, भाताच्या शितासारख्या हायेत.

ग्रुपवर टवाळखोरही येत. फोटोखाली ‘मीठ टाका’ लिहून पळून जात. नियम हवेत असं ठरलं आणि मी ते काम अंगावर घेतलं. दोन रविवार बसून लिहिले. नवीन सदस्यानं आधी नमस्कार करून आपलं गाव सांगावं. आकार कळावा म्हणून फोटोत गोगलगायीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवावं. मृत गोगलगायीचा फोटो आगाऊ सूचनेशिवाय टाकू नये. पहिला नियम सगळ्यांत कडक होता: पाळीव गोगलगाय किंवा तिची अंडी उघड्यावर सोडू नयेत, अंडी पूर्ण एक दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवून मगच टाकावीत. आणि चौथा, माझा लाडका: ‘निर्मूलनविषयक विचारणा अनुज्ञेय नाही. उल्लंघन झाल्यास सदस्यत्व पूर्वसूचनेविना संपुष्टात येईल.’ गोगलगायी कशा मारायच्या हे इथे विचारू नका, एवढाच त्याचा अर्थ. एका सदस्यानं लिहिलं की हे कोणाला कळणार नाही. मी उत्तर दिलं, नियम पाळण्यासाठी असतो. मला व्यवस्थापक करण्यात आलं. घरी मी कोणाला सांगितलं नाही. गोगलगायींच्या ग्रुपची व्यवस्थापक म्हणजे काय हे आईला कुठून समजावणार?

आता पहिल्या नियमाचं सांगते. गोगलगायीनं अंडी घातली की ती शेकड्यानं असतात आणि दिसतात हुबेहूब साबुदाण्यासारखी. पहिल्या वेळी मी नियमाप्रमाणे डबीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, हे माझ्या लक्षात नव्हतं. मी दात घासत असताना आईनं स्वयंपाकघरातून विचारलं की साबुदाणा बर्फात कोणी ठेवला, आणि डबी ताटात उपडी केली. मी तोंडात फेस असताना खरं सांगून बसले. आमच्या घरात कधी कोंबडीचं अंडंसुद्धा आलं नव्हतं. आई जागच्या जागी खाली बसली. मग तिनं फ्रीज दोनदा गरम पाण्यानं धुतला, चार दिवस त्यातलं पाणी प्यायली नाही आणि मला स्वतःची शपथ घातली, की ही घाण पुन्हा त्यात ठेवायची नाही.

मी शपथ पाळली. पुढची अंडी मागच्या अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखालच्या खताच्या खड्ड्यात खुरप्यानं पुरली, आणि त्यापुढचीही. खताच्या उबेनं मरतील, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मारायची वेळ माझ्यावर आली नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याच महिन्यात बागेत अंडी टाकणाऱ्या एका सदस्याला मी पहिल्या नियमाखाली काढून टाकलं आणि वर त्याला जबाबदारीवर दोन परिच्छेद लिहिले. हे लिहिताना मी एकदाही अडखळले नाही, याचंच मला आज नवल वाटतं.

दर उन्हाळ्यात राळेगावकडून भाऊजी मालवाहू ऑटो घेऊन यायचे आणि आमच्या खड्ड्यातलं खत पोत्यांत भरून न्यायचे. ताई तिकडच्या शेतकरी घरात दिलेली. त्या वर्षीही ते आले, आईनं त्यांना पन्हं दिलं, मी पोत्यांची तोंडं बांधायला मदत केली. मला काहीही आठवलं नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं ताईचं वावर, म्हणजे सगळं शेत, बुडवलं होतं. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत सडलेलं. माझ्या टेबलावर अशाच नुकसानीच्या अर्जांचे गठ्ठे यायचे. जोडपत्रं पुरी आहेत की नाहीत हे बघायचं काम माझं. एखादा कागद कमी असला की मी कोपऱ्यात ‘त्रुटी’ लिहून परत करायचे. समोरचा माणूस सकाळच्या एसटीनं आलेला असायचा, मी दुसऱ्या कागदाकडे वळलेली असायचे. मी स्वतःला वाईट समजत नव्हते, काटेकोर समजत होते. ग्रुपचं काम डब्याच्या सुट्टीत तसंच चालायचं: मंजुरीला आलेल्या पोस्टची पहिली ओळ दिसायची, त्यावरून मंजूर की नामंजूर ठरायचं.

जुलैत पावसानं दडी मारली आणि ताईची पहिली लावण करपली. आईला तिनं फोनवर सांगितलं की दुबार लावलं, विहिरीजवळचा तुकडा छान निघाला, आता हा हातचा गेला तर कापसाची वेळ निघून जाईल, तिसऱ्यांदा लावता येणार नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी मंजुरीला पोस्ट आली. नावाच्या जागी नुसतं ‘शेतकरी’. पहिली ओळ होती, नमस्कार, गोगलगायी मारासाठी काय करा लागते. खाली फोटो जोडलेला होता. मी तो उघडला नाही. चौथा नियम, ठरलेलं उत्तर, सदस्यत्व रद्द. एका हातात पोळीचा घास तसाच होता.

पुढच्या शनिवारी आईनं लोणच्याची बरणी देऊन मला ताईकडे पाठवलं. भाऊजी मला राळेगावच्या स्टँडवरून दुचाकीवर घेऊन गेले. ताई वावरातच होती, म्हणून मी बरणी तिथेच घेऊन गेले. विहिरीजवळच्या ओळींत दर दोन-तीन रोपांमागे एक रोप बुडापासून कुरतडलेलं होतं. काहींची नुसती काडी उभी होती. ताईनं एक पान उलटं केलं, आणि माझ्या हातून बरणी निसटता निसटता राहिली.

तपकिरी शंख, पांढरंशुभ्र अंग. अंगठ्याच्या पेराएवढी. शेजारच्या रोपावर आणखी तीन, मातीच्या ढेकळाखाली कितीतरी. सरकी लावताना प्रत्येक खड्ड्यात मूठभर खत टाकलं होतं, असं ताई सांगत होती. यवतमाळचं खत तिनं मुद्दाम याच तुकड्यासाठी राखून ठेवलं होतं, कारण हा तिचा सगळ्यांत चांगला तुकडा. जिल्ह्यात फक्त माझ्या घरी असलेला माल, माझ्या बहिणीच्या वावरात, ओळीनं.

मी विचारलं, कोणाला दाखवलं का. तर ताईनं कनवटीचा फोन काढला. भाचीनं तिला मराठीतला एक ग्रुप शोधून दिला होता, नावही तिनंच टाकून दिलं होतं. तिथे विचारलं, तर असं उत्तर आलं. तिनं फोन माझ्यापुढे धरला. निर्मूलनविषयक विचारणा अनुज्ञेय नाही. मी स्वतःचंच वाक्य तिच्या मातीनं भरलेल्या बोटाखाली वाचलं.

“म्हंजे काय व हे?” तिनं मला विचारलं. “तू हाफिसातली हाये, तुले समजन.”

मी म्हणाले की विचारायला बंदी आहे म्हणतात. ती म्हणाली, असं होय, आणि फोन परत कनवटीला खोचला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट करत राहिले. माझी मलाच इतकी किळस आली की आपण कुठे उभे आहोत हे क्षणभर कळेना.

एवढं मात्र केलं, की उपाय सांगितला. तो मला पाठ होता; दुसऱ्यांनी विचारू नये म्हणून मीच तो अडवून धरला होता. संध्याकाळी गोणपाटं ओली करून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि ओळींमधून अंथरायची, खाली कोबीची पानं टाकायची. सकाळी ऊन चढायच्या आत त्या सगळ्या गारव्याला खाली जमतात. मग वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ म्हणताना माझा आवाज फाटला. ताईनं माझ्याकडे बघितलं, पण हे तुला कसं माहीत असं विचारलं नाही.

मी मुक्काम केला. भल्या पहाटे आम्ही दोघी आणि भाऊजी वावरात गेलो. एकेक गोणपाट उचललं की खाली पांढऱ्या अंगांचा थर. मी हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून वेचत होते आणि प्रत्येक शंख ओळखीचा वाटत होता. मिठाच्या पाण्याच्या पिंपाशी पोचले तेव्हा माझा हात पुढे जाईना. ताईनं माझ्या हातातली बादली काढून घेतली.

“तू नोको,” ती म्हणाली. “तू घरी जाय, चहा मांड.”

मी गेले. थोरली आहे, लहानपणापासून जड काम स्वतःकडेच घेते, असं मला वाटलं. पुढचे पाच-सहा दिवस त्यांनी तसंच केलं आणि निम्म्याहून जास्त रोपं वाचली, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी दुपारच्या एसटीनं परत निघाले तेव्हा काय वाचेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

खिडकीशी जागा मिळाली. फोन काढून मी नामंजूर पोस्टची यादी उघडली आणि ‘शेतकरी’ या नावावर बोट ठेवलं. आधी फोटो आला. काळ्या मातीवर कापसाच्या पऱ्हाटीचं दोन पानांचं रोप, पानावर पांढरी गोगलगाय, आणि शेजारी नीट आडवं धरलेलं एक रुपयाचं नाणं. धरणाऱ्या हातावर हिरव्या बांगड्या आणि मनगटाशी तव्याचा जुना डाग. हा हात मी जगात कुठेही ओळखला असता.

मग मी सगळं वाचलं. नमस्कार होता. गावाचं नाव होतं, तालुका, पाऊस किती दिवस नव्हता तेही. नियमातलं जे जे कळलं ते ते तिनं केलं होतं. शेवटी लिहिलं होतं: “माह्या लहान बहिणीनं अशाच पाळल्या हायेत. तिच्याच खतातून आल्या वाटते. तिले इचारता आलं असतं, पण तिचा भल्ला जीव हाये त्यायच्यावर. तिले माराले कसं लावाव म्हणून तुमाले इचारून राह्यली. तिले सांगत नाही.”

मी एसटीत तोंडावर पदर घेऊन रडले. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली, तिला वाटलं मला गाडी लागली. कळंबच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरले आणि ताईला फोन लावला. गोगलगायींचं तिला माहीतच होतं, म्हणून फक्त उरलेलं सांगितलं. ते उत्तर मी दिलं होतं, ताई. तो ग्रुप मी चालवते.

तिकडून बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मंग तू वाचलं नाही का माहं?”

नाही, मी म्हणाले.

“फोटो बी नाही?”

नाही.

“नाणं ठेवलं होतं मी,” ताई म्हणाली.