शेपूटबाई

बाई रागावल्या की कळवणची बोली बाहेर पडायची. "आकडा वाचला म्हनते! अन् शेपूट कोन बघनार, तुझा बाप?" सातपूरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सगळे त्यांना शेपूटबाई म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

यंत्राकडून माप येतं ते मजकूर म्हणून. त्याचा आकडा प्रोग्रामने करायचा. मजकुरात मध्येच नको ते अक्षर आलं, तर कितीतरी प्रोग्राम तिथवरचा आकडा उचलतात आणि उरलेलं गुपचूप फेकून देतात. ते उरलेलं म्हणजे शेपूट. "शेपूट उरलं तर आकडा घिऊच नको. थांब अन् बोंब मार," हा बाईंचा कायदा.

आकड्याचा मजकूर करतानाही तसंच. परत वाचल्यावर तोच आकडा यायला हवा. "गिरणीत आपला गहू दिला अन् शेजारनीचं पीठ आलं, तर घेशील का गं?" मी हसले. बाई फणकारल्या, पण दुपारी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली.

मग ते युरोपातलं मोजमापाचं यंत्र आलं. तिकडे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. १२,७ आलं की बाईंचा प्रोग्राम लाल अक्षरांत बोंब मारून थांबायचा. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून आमच्या कंपनीच्या साहेबांनी ती शेपूट बघणारी तपासणीच काढून टाकली. "लाल अक्षरं वाईट दिसतात." झालं! कारखान्यात लेथवर घडवायचा लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, १२.७ मिलिमीटर जाडीचा, लेथला कळलं १२. लेथचं कापायचं हत्यार धाडकन जॉबवर आदळलं आणि तुटलेला तुकडा ऑपरेटरच्या कानाजवळून गेला.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "कोड मॅडमचा आहे." तपासणी कुणी काढली ते मी उभं राहून सांगितलं. "तू बस खाली," म्हणाले. बाईंना राजीनामा द्यायला लावला, वर सातपूरभर फोन फिरवले. बाईंना कुणी दारात उभं केलं नाही. कळवणला जाऊन शिकवण्या घेतात आता. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्याचं वाटोळं होवो, हे मी काळारामासमोर हात जोडूनसुद्धा म्हणते.

परवा त्याच साहेबांचा फोन. दुसऱ्या कारखान्यात तोच घोळ, गिऱ्हाईक कोर्टाची भाषा करतंय. "मॅडमचा नंबर दे ना गं." आवाज नुसता लोणी! दहा आकडी नंबर एक्सेलच्या अरुंद रकान्यात आखडून दिसत होता, मी तसाच पाठवला: 9.8E+09. बसा म्हटलं लावत.

मोठ्या फुशारकीने बाईंना सांगायला गेले, तर त्या माझ्यावरच उखडल्या.

"तुला कोनी सांगितलं व्हतं हे? पुरा नंबर दे त्याला."

"बाई, तुम्ही मदत करणार त्यांना?"

"आधी त्याला त्या गिऱ्हाइकासमोर, आपल्या सगळ्या पोरांसमोर बोलायला लावनार, तपासनी कोनी काढली व्हती ते. निस्तं नाव घ्यायचं, दुसरं काय नाय."

"आणि नाव घेतल्यावर?"

"मंग नाय म्हननार. ते मला माझ्या तोंडानं म्हनायचंय."