जस्ट गेले

आमच्या बेळगावात 'जस्ट' म्हणजे नेमकी किती मिनिटं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवते. 'अगदी एवढ्यात, क्षणापूर्वी' असा अर्थ फळ्यावर लिहून देते, आणि प्लंबर 'जस्ट निघालोय मॅडम' म्हणतो तेव्हा त्याची आंघोळसुद्धा व्हायची असते. दूधवाल्याचं 'जस्ट' अर्ध्या तासाचं, शेजारणीचं सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं. डोक्यात तिडीक जाते माझ्या! आई मात्र हसायची. "एवढं काय चिडतीस गं? माणूस जस्ट गेला म्हटलं की बरं वाटतं. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं."

आई जाऊन नऊ वर्षं झाली.

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, घरातून नाहीसे झाले. वय ब्याऐंशी, हल्ली लई विसरतात. मी आंघोळीला गेले तेवढ्यात गेट उघडून गेले. फोन टेबलावरच. मी ओल्या केसांनीच बाहेर धावले.

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "आप्पा व्हय? जस्ट गेले की स्टँडकडं!" फळीवर दोन ग्लास होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"हा कुणाचा?"

"त्यांनीच दोन सांगितले. मी म्हटलं, कोण तरी येणार असंल."

बसस्टँडवर केळीवाली म्हणाली, "जस्ट चढले बघा निपाणीच्या गाडीत. आक्का हाईत की बरोबर, कशाला भिताय?"

"कोण आक्का?" मी विचारलं. पण ती तोवर गिऱ्हाइकाकडं वळली होती.

मी मागची गाडी धरली. निपाणी येईपर्यंत मला दुसरं काही सुचेना. कोण बाई असेल? म्हाताऱ्या माणसाला फसवून कुठं नेत असेल? रस्त्याकडेला थांबलेला प्रत्येक म्हातारा आप्पांसारखा दिसायचा, आणि प्रत्येकाशेजारी एक बाई. गाडी जवळ गेली की तो म्हातारा वेगळाच निघायचा.

निपाणीत चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "जस्ट हितंच होते."

"जस्ट म्हणजे किती मिनिटं हो?" मी इतक्या जोरात ओरडले की सगळी रांग वळून बघायला लागली. लाज वाटली, पण काय करू?

आप्पा कोल्हापूरच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. शेजारी कापडी पिशवी ठेवून जागा अडवलेली. मला रडू आणि राग एकदमच आला. मी बसायला गेले तर म्हणाले, "तिथं नको गं. जागा हाय ती."

"आप्पा, कुणाबरोबर आलात तुम्ही?"

"तुझ्या आईबरोबर. कोल्हापूरला माहेरी जायचं म्हणत हुती लई दिवस. हितनं पुढं महाराष्ट्र, बायकांना फुकट चालत न्हाय, म्हटली. मी चौकशी करून आलो तर जस्ट गेली बघ."

मी त्यांच्या खिशात हात घातला. दोन तिकिटं निघाली, बेळगाव ते निपाणी. एक त्यांचं. दुसरं बायकांचं, शून्य रुपयांचं. आई होती तेव्हा कर्नाटकात बायकांना बस फुकट नव्हतीच. आणि बाई समोर असल्याशिवाय, तिचं आधार कार्ड बघितल्याशिवाय कंडक्टर ते तिकीट देत नाही. आईचं कार्ड माझ्या कपाटात कुलपात आहे. गर्दीत दुसऱ्या कुणाचं तिकीट त्यांच्या हातात आलं असेल. असंच झालं असेल. मी स्वतःला हे तीनदा सांगितलं.

सकाळपासून ज्याला त्याला विचारलेलं, तेच मी त्यांनाही विचारलं. "किती वेळ झाला, आप्पा, ती जाऊन?"

त्यांनी बोटांची पेरं मोजली. हल्ली त्यांना वारसुद्धा सांगता येत नाही.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जस्ट."

परतीच्या गाडीत तिघांची सीट मिळाली. आप्पा खिडकीशी, मी कडेला, मध्ये त्यांची पिशवी. गाडी भरत चालली होती. एक बाई आमच्याजवळ थांबली आणि पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली, "कोण हाय काय हितं?"

आप्पा घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मी पिशवीवर हात ठेवला.

"हाय," मी म्हटलं. "जस्ट खाली उतरलीया."