पिवळी प्रत

केशोराव सालेकशाकडचा, सातवी शिकलेला. १९९९ साली मुर्रीच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये लागला तेव्हा तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. मोठ्या सेठनं नारळ फोडला, हार घातला, अन् आता हात कोण लावते म्हणून सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. केशोरावनं लावला. तेव्हापासून चलान छापायचं काम त्याचं.

ट्रक निघाला की तीन कागद. पांढरा मिलमध्ये राहायचा. गुलाबी अन् पिवळा, मध्ये कार्बन घालून, ड्रायव्हरसोबत जायचे. माल घेणारा पोती मोजून गुलाबीवर 'इतके कट्टे मिळाले' लिहून सही ठोकायचा, खालच्या पिवळ्यावर ती उमटायची, अन् पिवळा परत यायचा. म्हणजे माल पोचल्याची साक्ष एकट्या पिवळ्यापाशी. पण मोठ्या सेठचा जीव कार्बनमध्ये अडकलेला. एक कार्बन आठवडाभर चालवायचा, असा मिलचा कायदा. वापरून वापरून तो इतका विरायचा, की त्या वर्षीच्या ग्रहणाला कवडू हमालानं तोच डोळ्यापुढं धरला अन् म्हणे, सूर्य एकदम साफ दिसला.

बारा वर्षं अशी गेली. मग मोठा सेठ घरी बसला अन् त्याचा पुतण्या लीलाधर नागपूरहून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता, घाईचा होता. स्कॅनर आणला अन् म्हणाला, "काका, सगळा कागद मशीनमध्ये घाला. घातला की रद्दीत. कागदांची खोली खाली पाहिजे."

"अन् खोली खाली झाल्यावर मी?"

"बघू ना काका."

पहिल्याच दिवशी केशोरावच्या ध्यानात आलं की पिवळा कागद पडद्यावर कोरा येते. त्यानं जाऊन सांगितलं. लीलाधर हसला. "काका, खुर्ची वाचवायला चांगला बहाणा काढला."

केशोराव परत येऊन बसला. राग यायला पाहिजे होता, आला नाही. कागद घालायचा, बटण दाबायचं, कागद काढायचा. दिवसाला सहाशे. दर शनिवारी बिसराम रद्दीवाला ठेला घेऊन यायचा अन् गठ्ठे न्यायचा. आधी ९९ साल गेलं, मग २०००, करत करत २००६ पर्यंत. घरी सुशिलाबाई विचारायची, "आज काय केलं जी?" हा म्हणायचा, "कोरे कागद काढले." जेवायचा. भाजीत मीठ नसलं तरी याला कळायचं नाही. एकदा तिनं मुद्दामच घातलं नाही, तरीही गडी ताट पुसून उठला.

एका शनिवारी सकाळी हिरालाल ड्रायव्हर ऑफिसच्या पायरीवर बसलेला दिसला. ट्रकची चाबी त्यानं लीलाधरच्या टेबलावर ठेवली होती.

"काऊन गा, इथं काऊन बसला?"

"रायपूरचा व्यापारी म्हणते, मागच्या दिवाळीच्या गाडीत वीस कट्टे कमी होते. मी रस्त्यात उतरवले म्हणते. त्याच्याजवळचा गुलाबी कागद हरपला म्हणते. सेठ म्हणते, कॉम्प्युटरमध्ये तुझी पावती कोरी हाय, चाबी ठेव. पोलिसात देऊन राहिला मले." हिरालालनं नाक ओढलं. "अठरा वर्षं गाडी चालवली गा. चोर म्हणून घरी कसा जाऊ?"

 केशोरावला हिरालालची दया आली असं नव्हतं. तो उठला, कारण कागद कुठं आहे हे त्यालाच माहीत होतं. त्या दिवशी २००७ पासूनची सारी वर्षं उलटीपालटी भरली गेली होती, अन् मागच्या वर्षाचा गठ्ठा बिसरामच्या ठेल्यावर सर्वात खाली होता.

"उतरव," केशोराव म्हणाला.

"आत्ताच तर भरला ना जी. तुमच्या मिलमध्ये कागदालाही कसरत करा लागते का?"

"उतरव गा."

पंधरा-वीस मिनिटांत पिवळा सापडला. छापील नंबर सोडला तर कोराच. केशोरावनं तो खिडकीपाशी नेला, डोळ्यासमोर आडवा, तिरपा धरला. माल घेणाऱ्यानं गुलाबीवर बॉलपेन चांगला दाबून लिहिलं होतं. कार्बन मेला होता, पण कागदावर पेनचे खड्डे होते, अन् तिरप्या उजेडात एकेका खड्ड्याची सावली पडली होती. ३२० कट्टे मिळाले. मिलमधून भरले होते तितकेच. खाली सही, तारीख.

"सेठ, इकडं या."

लीलाधरनं पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. मग मोबाइल काढून तिरप्या उजेडातच फोटो घेतला अन् रायपूरला पाठवला. तासाभरानं फोन आला. तिथल्या गोदामवाल्यानं आपली सही ओळखली होती. वीस कट्टे मागाहून त्यांच्याच दुसऱ्या गोदामात गेले होते.

हिरालाल टेबलावरची चाबी घेऊन केशोरावपाशी आला. पाया पडायला वाकला, तर केशोराव बाजूला सरकला. "जाय, गाडी लाव. गेटपाशी आडवी उभी हाय."

लीलाधर खोलीच्या दारात उभा होता. "काका, सारे पिवळे असेच आहेत?"

"हाव. पहिल्याच दिवशी सांगतलो होतो."

"पिवळे राहू द्या मग. पांढरे तेवढे स्कॅन करा, अन् पिवळ्यांचे असे तिरपे फोटो काढू. नवीन कार्बनचा डबा मागवतो. तुम्हीच पाहा हे काम, आहात तोवर."

"अन् जे गेले?"

लीलाधरनं बिसरामकडं पाहिलं.

"लुगदी झाली असंल जी," बिसराम म्हणाला. "पुठ्ठे झाले असतील."

केशोरावनं मान हलवली. नोकरी राहिली, हे त्याला कळलं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. तो थोडा वेळ थांबला, होते का पाहत. मग धोतर खोचून, उतरवलेले गठ्ठे परत खोलीत न्यायला पाठ वाकवली अन् बिसरामला म्हणाला, "दे, २००७ पासून दे."