अंतऱ्यातलं नाव

बंदिश बांधणारा तिच्या दुसऱ्या कडव्यात, म्हणजे अंतऱ्यात, आपलं नाव ओवतो. जुनी रीत आहे, पण पुरुषांची. मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये कुकर लावता लावता कितीतरी बंदिशी बांधल्या, नाव एकीतही घातलं नाही. उखाण्यात नवऱ्याचं नाव गुंफायला सगळ्यांनी शिकवलं होतं; स्वतःचं गुंफणं म्हणजे आगाऊपणा.

हे रिटायर झाल्यावर आम्ही कात्रजला फ्लॅट घेतला. वर्षभरात हे गेले आणि मी एकटी उरले. बिल्डिंगमध्ये सगळी कंप्युटरवाली मुलं. जिन्यात मी काही बोलले, तर कानातली वायर काढून विचारायची, "काही म्हणालात का काकू?"

"नाही, घसा साफ केला," मी म्हणायची.

माझी एकुलती शिष्या नोकरीसाठी वर्ध्याहून आलेली. दर रविवारी शिकायला यायची. मग तिला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं आणि माझे रविवारही गेले. तिथल्या गणेशोत्सवात तिनं माझी बंदिश गायली, सीडी धाडली. मी हौसेनं लावली. निवेदक म्हणाला, "आता ऐकू या एक पारंपरिक बंदिश."

माझं डोकंच फिरलं. परंपरेत जमा व्हायला माणसाला आधी मरावं लागतं. मी तर त्याच सकाळी मंडईत मेथीवरून भांडून आले होते! तिला फोन लावला. ती रडकुंडीला आली.

"मी सांगितलं होतं ना जी त्यांना तुमचं नाव! वाचलंच नाही. ताई, तुम्ही अंतऱ्यातच घाला. मग कसं गाळतात ते बघू."

तानपुरा लावून बसले आणि तिथंच अडले. घालायचं कोणतं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव रेशनकार्डावर आहे. पण गाणं शिकले ती माहेरच्या नावानं. त्या नावानं हाक मारणारी आई गेली, मग भाऊही गेला. आता ते नाव माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फार एकटं वाटलं.

तेच घातलं. शब्द थोडे सरकवले, नेमकं बसलं. अंतरा वर चढला, वरच्या षड्जावर ते नाव आलं आणि मी गाता गाता थांबले. किती वर्षांनी मला कुणीतरी हाक मारली होती.

रिकाम्या घरात मी मोठ्यानं ओ दिली.