आप्पांची रेकॉर्ड आणि माझी साफसफाई

आमच्या ह्यांच्याकडे एकाच गाण्याच्या चार रेकॉर्ड होत्या आणि चारही वेगळ्या होत्या. असं ह्यांचं म्हणणं.

गाणं म्हणजे शिकागोकडचं जुनं हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं ठेक्याचं संगीत. शब्द नाहीत, शेजारी कुणीतरी चिंच कुटतंय असं वाटतं. (पहिल्यांदा मी खरंच खिडकीतून बघून आले होते!) ते आता पुन्हा काळ्या तबकड्यांवर छापून येतं. एक जशीच्या तशी. बाकीच्या रिमिक्स, म्हणजे चिंच कुटणारा माणूस वेगळा. चारांतली एक रिमिक्स मात्र आप्पांच्या मालकीची. आप्पा म्हणजे ह्यांचे कॉलेजमित्र, सांगलीत हळदीचे व्यापारी. रेकॉर्ड ऐकायला दिलेली, रविवारी साताऱ्याला येऊन परत नेणार होते. दुसरी कुठे मिळत नाही, म्हणून हे ती तान्ह्या बाळासारखी उचलत.

शुक्रवारी माझ्या यादीत 'रेकॉर्ड पुसणे' आलं. चारही कव्हरांतून काढल्या, पुसल्या, तबकड्यांवर मधोमध चिकटवलेले गोल पांढरे कागद लख्ख केले आणि ताटांच्या जाळीत उभ्या लावल्या. परत घालताना लक्षात आलं, एकीवरही नाव नाही! (नाव न छापणं ही म्हणे फॅशन.)

"अगं, काय केलंस हे!"

"स्वच्छता. तुम्हाला कानाने ओळखता येतात ना? जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणे."

"आहेच! लाव एकेक."

मी लावली. ह्यांनी डोळे मिटले. "ओरिजिनल! खालचा बासचा ढुम्म आवाज बघ कसा गोल आहे."

"आता दुसरी," म्हणत मी सुई ठेवली.

"बघ, लगेच कळतं! ही आप्पाची रिमिक्स. कव्हरात घाल."

"अहो, रेकॉर्ड बदलायची राहिलीच माझी."



रविवारी आप्पांना सगळं सांगितलं, तर ते खो-खो हसले. "आवं वहिनी, त्यात काय एवढं? माझी वळखायला कान कशाला पायजेत! मधल्या कागदावर माझा हळदीचा अंगठा उठलाय, चांगला ठसठशीत. आणा हिकडं."

चारही आणल्या. आप्पांनी एकेक उजेडात धरली. हसू कमी कमी होत गेलं.

"गड्या, एकीवरबी अंगठा न्हाई रं!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"पिवळा डाग ना?" मी म्हटलं. "हट्टी होता. साबणाने जाईना, मग लिंबू लावलं."

आप्पा चारही रेकॉर्ड घेऊन सांगलीला गेले. "घरी निवांत ऐकून माझी ठेवतो, बाकीच्या पाठवतो," म्हणाले. पिशवी ह्यांनीच फाटकापर्यंत नेली.

महिना झाला. फोन केला की आप्पा म्हणतात, "लय बारीक फरक हाय, वहिनी. ऐकतोय अजून."

सुरुवात मी एका डागापासून केली होती. आता कपाटात एकही रेकॉर्ड उरलेली नाही. साफसफाई करावी तर अशी!