टोकन नंबर सात आणि कोकणची बारी

चाकणला आता लोक मोटारीने अर्ध्या दिवसात जाऊन येतात आणि वाटेतल्या कोंडीबद्दल दोन दिवस बोलतात. आम्ही गेलो तेव्हा कोंडी नव्हती, कारखानेही नव्हते. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. ही ऐंशी सालाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट.

आम्ही चिंचवडला कंपनीच्या चाळीत राहायचो. चाळ कसली, सगळा महाराष्ट्रच एका नळावर. डाव्या हाताला खानदेशच्या बाई, अहिराणीत लग्नाची गाणी म्हणायच्या. समोर लातूरकडचे गृहस्थ, घरात संबळ, पण वाजवायला वेळ नाही. आमच्याकडे पेटी. आमचे हे मालवणकडचे, कंपनीत फिटर. पहिली पाळी सुटली की आठ कोकणी मंडळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जमायची आणि भजन सुरू व्हायचं. चाळीतले सगळे ह्यांना बुवा म्हणत. काही भक्तीने, बाकीचे तिसऱ्या पाळीवाले दिवसा झोप न मिळाल्यामुळे.

त्या चैत्रात गावाहून माझ्या भावजींचं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचं, कार्ड आलं. तिकडे त्यांचं नवं मंडळ उभं राहत होतं, पेटी पाठवाल का, म्हणून विचारलं होतं. ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सात वर्षां झाली. हंय आपणच गातो नि आपणच ऐकतो. एकदा परक्या गावात बारी करतंय. कोणी ऐकला तर पेटी रवात, नाय तर गावाक जातली."

आमच्या कोकणात बारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर बसतात, देवाचं गातात आणि मधूनच एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात. ज्याला उत्तर सुचत नाही, तो हरला. एवढी सोपी गोष्ट. पण बारीचं ह्यांनी ज्याच्यापाशी काढलं, तो ह्यांच्याच खात्यातला ज्ञानोबा, चाकणच्या पुढच्या धामणटेक गावचा. त्यांच्याकडे भैरवनाथाची जत्रा तोंडावर आली होती. कँटीनमध्ये झालेलं बोलणं ह्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

"तुझ्या जत्रेत आमची बारी ठेव."

"बारी? राव, बोलला न्हाईत कधी! नाव नोंदवाया लागंल. टोकन घ्यावं लागतंय."

"घे की."

"जोड तयार हाय का?"

पेटी-पखवाजाची जोड. ह्यांनी छाती काढून सांगितलं, "एकदम तयार. रोज घासतोय."

"पळायला कशीय?"

"एकदा लय चढली की आवरत नाही."

ज्ञानोबा खूश, हे त्याहून खूश. "भजनाला टोकन देणारं गाव! किती शिस्त!" असं मला चार वेळा ऐकवलं.

रविवारी सकाळी निघालो. आठ पुरुष, मी आणि पखवाजवाल्यांची बायको सुमनवहिनी. पिंपरीहून नाशिक फाटा, तिथून खेडकडे जाणारी एसटी. दशम्या, लसणाची चटणी आणि सुमनवहिनींच्या पिशवीत सुका जवळा, कारण घाटावर मासळीवाचून जीव जाईल अशी त्यांची खात्री. कंडक्टरने पेटीवर टिचकी मारली.

"हिचं लगेज तिकीट काढा."

मी म्हटलं, "भाऊ, भजनाची पेटी आहे, देवाचं काम."

"मग देवाचं तिकीट काढा, ताई."

काढलं. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: पेटी मांडीवर घ्यावी आणि वर शाल टाकावी. परतताना आम्ही तेच केलं, देव माफ करो.

भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. तिथे मी हात जोडले, सुमनवहिनींनी झोपेतच जोडले. चाकणला उतरलो तर सगळ्या गावाला कांद्याचा वास. चक्रेश्वराचं दर्शन घेतलं. मंदिर शांत आहे, चुकवू नका. गाभाऱ्यात मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पेटी राहू दे की जाऊ दे, तुझं तू बघ." कारण खोटं कशाला लिहू, पेटी गेली असती तर तिच्या कोपऱ्यात धान्याचा डबा बसला असता.

पुढचे चार मैल ज्ञानोबाने पाठवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. जत्रेत शेव-रेवडीचे ढीग, पाळणे, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. ज्ञानोबाच्या आईने पुरणपोळी आणि गुळवणी वाढली. जवळा पिशवीतच राहिला आणि सुमनवहिनींचा जीवही राहिला. जेवण होताच ज्ञानोबा धावत आला.

"चला बुवा, घाटात चला! लोकं सकाळधरनं तुमचीच वाट बघत्यात. बैलं कुठं उतरवली?"

"कसले बैल?" हे म्हणाले.

"तुमच्या बारीचं!"

त्या मुलखात बारी म्हणजे बैलगाड्याची धाव. चढाची लांब वाट, तिला घाट म्हणतात. त्यातून चार बैल आणि पुढे घोडी, वाऱ्यासारखी सुटतात. टोकन त्याचंच. गावभर बातमी होती की कोकणातून कुणी कंपनीवाला बैल घेऊन येतोय. कोकणी बैल केवढे असतात, ते पळतात की पोहतात, ह्यावर पैजा लागल्या होत्या.

तेवढ्यात भोंगा गरजला, "टोकन नंबर सात! चिंचवडकर मंडळी, जोड घाटात आणा!"

गर्दी दुभंगली आणि त्या वाटेतून आमची जोड आली: शालीतली पेटी आणि खोळीतला पखवाज. आणि जो हशा उठला, तो चाकणच्या बाजारात ऐकू गेला असेल.

"आरं, ह्यांची बैलं खोक्यात हायेत!"

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मान खाली घालून, आम्हालाच ऐकू येईल असं पुटपुटले, "उचला पेटी. पुढच्या गाडीन जावया. ती गावाकच जाऊ दे."

आता मला काय झालं कोण जाणे. धान्याच्या डब्याची जागा समोर दिसत होती, तरी तोंडातून निघालं, "टोकन हातात असा ना? मग फुकट कित्याक घालवतास?"

माझं बोलणं भोंग्यावरच्या माणसाने ऐकलं. त्यांचं नाव किसनराव. एरवी चाकणच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारायचे, जत्रेत गाडे पुकारायचे. प्रत्येक बैलावर उभ्या उभ्या जोडकडवं रचायचे. आमची बारी कशी असते, ते त्यांनी माझ्याकडून दोन वाक्यांत समजून घेतलं. ते म्हणाले, "वहिनी बराबर बोलल्या. टोकन हाय, तर बारी व्हनार. शेवटचा गाडा सुटला की बसा हितंच. पन समोर कोन बसंल?"

"तुमीच बसा!" पब्लिक ओरडलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा घाटाच्या तोंडाशी घोंगड्या पडल्या. ह्यांनी आधी गणपती गायला, मग भैरवनाथाचा गजर. पखवाज असा घुमला की बांधलेल्या बैलांनी कान टवकारले. मग ह्यांनी पहिला चिमटा काढला:

"गाडे धावले घाटात, धूळ उडाली फार,
बैल दमले बिचारे, दमेना पुकारणार!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाहुणा आपल्या माणसाला बोलतोय, रागवायचं की कसं? किसनरावांनी पटका सारखा केला, भोंगा तोंडाशी धरला:

"कोकणचं पाव्हणं आलं, बैल ठिवलं कुठं?
पेटीला न्हाईत शिंगं, न्हाई भात्याला शेपूट!"

मग काय! पटके हवेत उडाले. हे हसले. सात वर्षांत पेटीवर बसून हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"शिंगं नसली पेटीला, सूर तिचे बारा,
शिंगवाल्या बैलाला म्हणा, ‘सा’ लावून दाव जरा!"

अशा किती फेऱ्या झाल्या, आता आठवत नाही. म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या, बक्षिसं खोळंबली, पंच स्वतःच टाळ मागून घेऊन वाजवायला लागले. शेवटी किसनरावांनी भोंगा खाली ठेवला आणि साध्या आवाजात, हळू म्हटलं:

"इतका गोड माल, पाव्हणं, गोणीत का हो बांधता?
सात वर्सं शेजारी ऱ्हाता, अन् आज का हो सांगता?"

सात वर्षांचं त्यांना ज्ञानोबाने सांगितलं असणार. पेटी गावी जाणार हे मात्र आमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांनी भाता ओढला. सूर लागला, शब्द नाही. पुन्हा ओढला. मग पेटी बंद केली आणि दोन्ही हात जोडले. "हरलंय," म्हणाले.

गावाने जिंकल्यासारखा ह्यांच्या अंगावर भंडारा उधळला. किसनराव म्हणाले, "पुढल्या साली उत्तर घिऊन या. न्हाईतर बैल आना."

परतीच्या एसटीत पेटी ह्यांच्या मांडीवर, शालीखाली. मोशी गेली, भोसरी गेली. नाशिक फाट्याला हे म्हणाले, "खरा बोललो तो. आमी खोलीचा दार लावन गायत होतो. कोण ऐकतलो?"

दुसऱ्या दिवशी मला कार्ड लिहायला बसवलं, कारण घरात मॅट्रिक मी. मजकूर त्यांचा: पेटी मोकळी नाही, एक बारी हरलो आहे, उत्तर द्यायचं आहे. त्याच संध्याकाळी भजन खोलीतून निघून नळाशेजारच्या ओट्यावर आलं. खानदेशच्या बाई ऐकायला बसल्या, मग स्वतःच म्हणायला लागल्या. लातूरकरांनी संबळ काढला. धान्याचा डबा अजून खाटेखालीच.

कुठे काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर मला त्या प्रवासातलं मंदिर सांगता येतं, पुरणपोळी सांगता येते. मनात राहिलं म्हणाल तर हे की, चार मैल आत गेल्यावर एका शब्दाचा अर्थ बदलला, आणि त्या चुकीमुळेच आम्हाला शेजारी मिळाले.

पंधरा दिवसांनी भावजींचं कार्ड आलं. "दादा हरलो ह्या वाचून बरा नाय वाटला. पण समोर बुवा कोण होतो, ता लिवक नाय."

ह्यांनी उत्तर सांगायचं टाळलं. मग मी माझ्याच मनाने लिहिलं: चाकणचे कांद्याचे लिलाववाले होते. आवाज तुमच्या दादांपेक्षा मोठा आहे, आणि तुमच्या दादांना सांगू नका, पण मला त्यांचंच पटलं.