गुळाचा डबा

माझ्या नवऱ्याचं तासगावात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आहे. जुनी बॅटरी फोडायची, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढायच्या, शिसं वितळवून पुन्हा जोडायचं, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. आणि वीस वर्षं त्यांच्या टेबलावर गुळाचा डबा असायचा. तो मी भरून द्यायचे.

गूळ माझ्या माहेरचा, रहिमतपूरकडचा. भाऊ दरवर्षी ढेप पाठवतो. शिशाची धूळ गुळानं धुऊन जाते, असं यांच्या वस्तादांनी शिकवलेलं. म्हणून काम करता करता हे दिवसातून पाच-सहा खडे तोंडात टाकायचे. मला मिरवायची हौस पहिल्यापासूनच. शेजारणींना सांगायचे, आमच्या गुळावर माणूस कसा ठणठणीत आहे बघा!

मग यांचं पोट दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून गोळ्या झाल्या. गावातले डॉक्टर रक्त कमी आहे म्हणाले, तर मी डब्यात आणखी गूळ भरला. एसटी स्टँडवर अनोळखी माणसालाही हसवणारे हे, आता चहाला उशीर झाला तरी खेकसायचे. मीही काही कमी नाही. "कामाचा कंटाळा आलाय तुमाला, दुसरं काय न्हाई," असं एकदा ताडकन बोलून गेले. त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. मनगट वर उचलेचना. ते स्वतःच्या हाताकडे नुसते बघत राहिले. माझं ते बोलणं मला अजून खातं.

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी यांच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, तेही भरपूर. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवता कुठे? हात कशाने धुता?"

"जेवायला घरीच जातो, साबणानं हात धुतो," हे म्हणाले. "दुकानात फकस्त गूळ खातो. त्येनं शिसं जातंय न्हवं?"

"आणि गूळ खाताना हात धुता?"

यांनी नकारार्थी मान हलवली. दवाखान्यात राहावं लागलं तर जवळ असावा, म्हणून तो डबा मी पिशवीतून आणलाच होता. बाईंनी ओला कापूस डब्याच्या आतून फिरवला. कापूस राखाडी झाला.

"गुळानं शिसं जात नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "धूर श्वासातून गेलाच, पण हातावरचं शिसं या खड्यांबरोबर पोटात गेलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिथंच रडायला लागले. हात बरा होईल का, एवढंच कसंबसं विचारलं. शिसं पोटात जायचं थांबलं तर हळूहळू होईल, पूर्ण होईलच असं आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

उपचार सुरू झाले. दुकानातली भट्टी विझली. आता हे फक्त नव्या, बंद बॅटऱ्या विकतात आणि घरी बसून हाताचे व्यायाम करतात. हेच बॅटरीच्या इतर दुकानांत जाऊन गुळाचे डबे बाहेर टाका म्हणून सांगून आले. दोघं हसले, एकानं ऐकलं.

यंदाही भावानं ढेप पाठवली. मला तिला हात लावायची इच्छा होईना, आठवडाभर ती कोपऱ्यात पोत्यातच पडून होती. एका सकाळी यांनी कोपरापर्यंत साबण लावून दोनदा हात धुतले आणि ढेपेपुढं बसले. बत्ता उजव्या हातात घेतला. दोन घाव वाया गेले, तिसऱ्याला ढेप फुटली.

त्यांनी एक खडा माझ्यापुढं धरला. "वीस वर्सं तू मला दिलास. आता तू खा."

"आदी हात दावा," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. उजवा थरथरत होता, पण मनगट वर होतं. मी खडा घेतला आणि तोंडात टाकला.